‘ठराव नाही म्हणजे आक्रमण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महाशय,

शांतिसेनांवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक नाशिककर’ या नावाने तुम्ही लिहिलंत, ‘सुरक्षा परिषदेचा ठराव नसेल तर ते आक्रमणच, बाकी सगळी घरबसल्या केलेली वकिली.’ मतभेदाला माझी ना नाही, पण ‘घरबसल्या’ हा शब्द मला लागला. स्वतःचं नाव लावायचं नाही आणि दुसऱ्याची लायकी काढायची, ही चर्चेची रीत नव्हे.

माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. वडील तोफखान्यात होते. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर त्यांची युनिट भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेतल्या जाफन्याला गेली. पत्र आलं की आई मजकुराआधी फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावरची तारीख बघायची. त्या तारखेला माणूस सुखरूप होता, एवढंच त्यातून कळायचं. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मी कुणाकडून उसना घेतलेला नाही.

त्या मोहिमेला ठराव नव्हता, पण कोलंबो सरकारची संमती होती. कागद चोख होता. तरी ऑक्टोबर उजाडेपर्यंत ज्या तमिळांच्या रक्षणासाठी आपण गेलो, त्यांच्याच गल्ल्यांत आपली फौज लढत होती. सुमारे 1,200 जवान गेले आणि 1989 मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासांनीच ‘परत जा’ म्हणून सांगितलं. जिथे फौज उभी आहे तिथल्या माणसांना ती नकोशी झाली, की सही-शिक्क्याने वैधता टिकत नाही. माझ्या लेखात हेच होतं.

आता उलटं बघा. 1994 मध्ये रवांडात कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने रीतसर ठराव करूनच तिथली शांतिसेना 270 माणसांवर आणली. तुमच्या कसोटीवर हे वैध. मग 1971 चं काय? सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव अडला, तेव्हा 7 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 104 देशांनी ‘युद्ध थांबवा, फौजा मागे घ्या’ म्हणून मत दिलं. विरोधात फक्त 11. आपण थांबलो नाही. पाकिस्तानने 3 डिसेंबरला आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले, म्हणून ते स्वसंरक्षण, असं तुम्ही म्हणाल. पण विमानतळ वाचवायला ढाक्यापर्यंत जावं लागत नाही. आपण गेलो ते एक कोटी निर्वासितांमुळे आणि तिथल्या लोकांना आपण हवे होतो म्हणून.

लिबिया मी दोन ओळींत उरकला, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण 2011 मध्ये ठराव होता नागरिकांना वाचवण्याचा आणि त्याच्या आडून गद्दाफीची राजवट उलथली, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

तेल, युक्रेन, ‘पाश्चात्त्यांचा पुळका’ वगैरे तुमच्या बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत बसत नाही. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर ते लिहिलंच नसतं. पुन्हा लिहिणार असाल तर आधी एवढंच सांगा, 7 डिसेंबरला भारताने थांबायला हवं होतं का? हो की नाही?