गुळण्या, तीळतेल आणि ९९ टक्के

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस जणांवरच्या पंधरा दिवसांच्या प्रयोगात तीळतेलाच्या गुळणीने तोंडातले जंतू कमी झालेले दिसतात, तरी मागच्या लेखात मी 'पुरावा अपुरा' म्हटलं, म्हणजे मला घरगुती उपायांचं वावडं आहे, असा तुमचा आरोप. वावडं नाही हो. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आजी रोज सकाळी तेलाची गुळणी धरायची. तेवढी दहा मिनिटं घरात शांतता असायची, हा फायदा मला मान्यच आहे.

आणि तीस हा आकडा लहान, अशी माझी तक्रारही नाही. १९६५ साली हिरड्यांचे संशोधक हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये फक्त १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात ताळ्यावर आल्या. बारा माणसं पुरली, कारण त्यांनी हिरड्या बघितल्या. तुमच्या प्रयोगात बघितली ती लाळ.

एमएस्सीला असताना मीही लाळेचे नमुने पेट्रीडिशवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, लावलेत. दोन दिवसांनी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या दात किडवणाऱ्या जंतूच्या निळ्या, खरबरीत वसाहती उगवतात, टाचणीच्या डोक्याहून बारीक. गुळणीआधीची डिश दाट, नंतरची विरळ. बघून हुरळायला होतं, मीही हुरळलो होतो. पण लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० कोटी जंतू असतात. ९९ टक्के मेले तरी १० लाख उरले, आणि ते सात वेळा दुप्पट झाले की ये रे माझ्या मागल्या. शिवाय दातावर थर धरून बसलेले जंतू या मोजणीत येतच नाहीत. नवी कीड कमी लागली का, हे कळायला दोन-तीन वर्षं तीच माणसं तपासावी लागतात. पंधरा दिवसांत ते कसं कळणार?

बरं, जंतू कमी म्हणजे चांगलंच, असंही नाही. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन हे गुळणीचं जंतुनाशक औषध दातावरचा थर खरोखर रोखतं, हे १९७० पासून माहीत आहे. (दात तपकिरी होतात आणि आमटीची चव जाते, ते वेगळं.) पण पालक-मेथीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिभेवरचे जंतूही त्यात मरतात. त्या नायट्राइटपासून शरीर रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवतं. निरोगी माणसांनी आठवडाभर हे औषध वापरलं, तर रक्तदाब दोन-तीन अंकांनी चढलेला आढळला.

एक चूक मात्र तुम्ही अचूक पकडलीत. सगळ्या माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, असं मी लिहून गेलो होतो. नसतं. दुरुस्त केलंय.

तेल सोडा असं मी म्हणत नाही. फक्त ब्रशऐवजी नको, ब्रशसोबत चालेल. आणि बेसिनमध्ये थुंकू नका. वाड्याच्या मोरीने आजीचं तेल सोसलं, फ्लॅटचा पाइप तुंबतो.