छापे, चित्रफिती आणि संस्कार: मुलांच्या नशेविषयीच्या एका संदेशाला उत्तर

मुंबईतील पालकांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. मुलांमधील नशा रोखण्यासाठी शाळा, पालक, मंडळे, दवाखाने आणि संस्था यांना एकत्र बसवणे म्हणजे निव्वळ फोटो काढण्याचा उद्योग असून पोलिसांनी विक्रेते उचलावेत, शाळांनी गर्दुल्ल्यांच्या चित्रफिती दाखवाव्यात आणि बाकीचे घरच्या संस्कारांवर सोडावे, असा त्याचा आशय आहे. त्यामागचा वैताग समजण्यासारखा असला, तरी त्यातील एकेक विधान तपासले तर फारसे टिकत नाही.

पहिले विधान पोलिसांविषयीचे. एमडी (मेफेड्रोन) किंवा गर्द विकणाऱ्यावर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली कारवाई झालीच पाहिजे आणि ते काम कोणत्याही वस्ती समितीचे नाही. मात्र शाळकरी मुलाच्या हाती आधी येतात ते तंबाखू, मावा, व्हाइटनर किंवा पंक्चर काढण्याचे सोल्युशन. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात व्हाइटनर, सोल्युशन यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा एकमेव गट असा आढळला, ज्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांमधील वापराचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त होते. त्यासाठी मदतीची गरज असलेल्या मुलांचा अंदाज ४.६ लाख इतका होता. सोल्युशन सायकलच्या दुकानात राजरोस मिळते, मग छापा घालायचा कोणावर? सायकल नसलेला मुलगा आठवड्यात तिसऱ्यांदा ट्यूब मागतो, हे सर्वांत आधी त्या दुकानदाराच्या लक्षात येते. पण त्याची मुख्याध्यापकांशी ओळखच नसेल, तर ती माहिती गल्ल्याशीच थांबते. तंबाखूचेही तसेच आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी असली, तरी शाळेच्या फाटकासमोरची टपरी रोज डोळ्यांसमोर असते ती पालकांच्या आणि शिक्षकांच्या. त्यांनी तक्रार केली आणि तिचा पाठपुरावा केला, तरच त्या बंदीला अर्थ उरतो.

दुसरे विधान चित्रफितींचे. भीती बसली की मूल वाटेला जाणार नाही, हा समज जुना आणि लोकप्रिय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हे कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाविषयीचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती काढली. नुसती व्याख्याने, भीती घालणारी चित्रे, पूर्वी व्यसनी असलेल्यांची कथने आणि पोलिसांकरवी चालवलेले वर्ग यांचा उपयोग होत नाही, उलट कधीकधी अपायच होतो, असे त्यांत नमूद आहे. लाभ दिसतो तो मित्रांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा, ताण कसा हाताळावा, याचा सराव प्रशिक्षित शिक्षकाने अनेक तासिकांतून करून घेतला तर. ‘सलाम बॉम्बे’ ही संस्था २००२ पासून मुंबईतील शाळांमध्ये तंबाखूविरोधात काम करते आहे आणि त्यात विद्यार्थ्यांनाच पुढे आणते.

संस्कारांच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. व्यसन म्हणजे घराण्याला बट्टा, ही भावना जितकी पक्की, तितके कुटुंब ते लपवते आणि उपचाराला उशीर होतो. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला त्याच १९८५ च्या कायद्याचे कलम ६४ अ, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देते, ही गोष्ट पालकांपर्यंत पोहोचवायची असेल तर ती दवाखान्याने किंवा शाळेने सांगावी लागते, कारण घाबरलेला बाप चौकीत विचारायला जात नाही.

उरला फोटोंचा आरोप, आणि तो अर्धा खरा आहे. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी, शपथ, फलक आणि चहा एवढ्यावर आटोपणाऱ्या समितीला भागीदारी म्हणणे कठीणच. परंतु वाईट समित्यांवरून पद्धतच निकालात काढता येत नाही. अमेरिकेतील सात राज्यांतल्या २४ लहान गावांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून ‘कम्युनिटीज दॅट केअर’ ही पद्धत तपासली गेली. जिथे स्थानिक समितीने मुलांच्या निनावी सर्वेक्षणावरून कार्यक्रम निवडले, तिथे आठवीपर्यंत दारू आणि सिगारेट सुरू करणाऱ्या मुलांचे प्रमाण तुलनेने कमी राहिले. अशीच भागीदारी उभ्या राहिलेल्या आइसलँडमध्ये महिन्याभरात मद्यधुंद झालेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. सगळे श्रेय भागीदारीला देणे योग्य नाही, कारण युरोपात अन्यत्रही किशोरवयीनांचे मद्यपान घटत होते. शिवाय त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, तर आपल्या कुर्ल्याच्या एल विभागाची २०११ च्या जनगणनेतच नऊ लाखांवर होती. तिथला आराखडा इथे जसाच्या तसा उतरवता येणार नाही.

उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे: तिथे संध्याकाळचे रिकामे तास ही सार्वजनिक जबाबदारी मानून खेळ आणि कला यांवर पैसा खर्च झाला. मुंबईत तेवढे करायचे तरी शाळा सुटल्यावर कुलूप लागणारे मैदान दोन तास उघडे ठेवावे लागेल. त्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी, विभाग कार्यालयाकडून दिवे, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, मुलींना पाठवायला तयार झालेल्या आया आणि एखादा प्रशिक्षक लागतो. यांतले कोणतेही काम पोलिसांच्या छाप्याने होत नाही आणि एकट्या घराच्या आवाक्यातलेही नाही. आपल्या विभागातील समिती फोटोपुरती आहे की कामाची, हे पाहायचे असेल तर तिच्याकडे मागच्या बैठकीचे इतिवृत्त आणि त्या मैदानाची किल्ली कोणाकडे असते, एवढेच विचारावे.