फुस्स

पाडव्याला काहीतरी नवीन सुरू करावं म्हणतात, म्हणून सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी हाणली आणि दुपारी तीन वाजता गॅरेजमध्ये जाऊन एका चांगल्या चालत्या गाडीचं पुढचं चाक काढलं. ते चाक परत रस्त्याला लागायला ऑगस्ट उजाडला.

गाडी म्हणजे १९७२ ची शेवरोले सी-१०, पिकअप ट्रक, मागे आठ फुटी हौदा. मी राहतो डॅलसच्या उत्तरेला आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, जे बायकोच्या मते मी घरीही करतो आणि तेही बिनपगारी. चाळिशी उलटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये कुणी मॅरेथॉन धरली, कुणी घरी पाव आंबवायला लागलं, मी ट्रक घेतला. बायको चाव्या बघून एवढंच म्हणाली, "आपल्या दोघांपेक्षा मोठा आहे, वाकून नमस्कार कर."

ट्रक चालत होता हो. उगाच खोटं कशाला बोलू. खड्ड्यातून गेला की सांगलीत बाबांच्या मेटाडोरमध्ये हळदीच्या पोत्यांवर बसून जायचो तेव्हाची आठवण यायची, म्हणजे आठवण मणक्यातून यायची, पण चालत होता. मला मात्र इकडचा एक जुना रोग लागला, जुनी पिकअप घ्यायची आणि जमिनीला टेकवायची. चारही स्प्रिंगा काढून टाकायच्या आणि त्या जागी रबरी भाते बसवायचे, लोहाराच्या भात्यासारखेच, फक्त जाड रबराचे. मग एक कॉम्प्रेसर, एक हवेची टाकी, आठ व्हॉल्व्ह आणि घरभर पुरेल एवढी नळी. बटण दाबलं की फुस्स करून अख्खा ट्रक डोबात म्हैस बसावी तसा रस्त्यावर पोट टेकून बसतो, दुसरं बटण दाबलं की उठतो. उपयोग काय असं विचारू नका, बायकोने विचारून झालंय.

याला इकडे एअर बॅग म्हणतात आणि तिथेच घोळ झाला. व्हिडिओ कॉलवर आईला कौतुकाने सांगितलं की ट्रकला एअर बॅगा बसवतोय. आई म्हणाली, बरं केलंस, धडकल्यावर फुगतात त्याच ना. म्हटलं नाही गं, या कायम फुगलेल्याच असतात. ती जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आधीच धडकल्यासारखं धरून चालायचं?" अडीच हजार डॉलरच्या त्या अख्ख्या प्रकाराचं इतकं नेमकं वर्णन नंतर मला कुठेच सापडलं नाही.

शेजारी एक आजोबा राहतात, टेक्सासचेच, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सगळी हयात गाड्यांच्या खाली गेलेली. ते घडीची खुर्ची घेऊन यायचे, माझ्या गॅरेजच्या तोंडाशी बसायचे आणि मी काही करायला गेलो की फक्त "नोप" म्हणायचे. का नाही ते पंधरा मिनिटांनी कळायचं, बहुतेक वेळा मला लागल्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की १९५८ साली खुद्द जनरल मोटर्सने आपल्या मोटारींना हवेचं सस्पेन्शन देऊन पाहिलं होतं, इतकं गळायचं की लोकांनी ते काढून परत साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. "कंपनीला नाही जमलं," एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मी यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले होते.

पुढची स्प्रिंग काढणं हा प्रकार आयुष्यात एकदाच करावा आणि तोही विमा भरलेला असताना. या ट्रकला पुढे खालच्या-वरच्या दोन आर्म असतात आणि मध्ये ही जाडजूड स्प्रिंग पन्नास वर्षं दाबून धरलेली, जॉइंट फॅमिलीतल्या थोरल्या सुनेसारखी, वरून शांत. खालच्या आर्मला जॅक लावायचा, बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाकाच्या मधला सांधा, सोडवायचा आणि जॅक तसूतसूने खाली घ्यायचा. आजोबांनी आधी एक साखळी आणून स्प्रिंगमधून ओवली आणि चासिसला बांधली. मला वाटलं म्हातारपणाची भीती. बॉल जॉइंट पन्नास वर्षांच्या गंजाने असा धरलेला की तेल मारून झालं, लांब पाइप लावून झालं, शिव्या देऊन झालं, मग आजोबांनी नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, बाजूला हातोड्याचा एकच ठोका मारला आणि सुटला. मी जॅक खाली घेतला, जरा जास्तच वेगाने. धाड्कन आवाज आला, स्प्रिंग बाहेर उसळली आणि साखळीला लटकून झुलायला लागली, जिथे झुलत होती तिथे दोन मिनिटांपूर्वी माझं डोकं होतं. मी तोपर्यंत रस्त्याच्या पलीकडे पोचलो होतो, कसा ते आठवत नाही. आजोबा खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते.

मागचं काम त्याहून अवघड निघालं. मागे या ट्रकला दोन लांबलचक आर्म असतात, त्या पुढे चासिसच्या मधल्या आडव्या पट्टीला आणि मागे ॲक्सलला, आणि आजोबा त्यावर हात फिरवून सांगायचे की नॅस्कारच्या रेसवाल्यांनी हीच मांडणी उचलली, सगळं शेवरोलेच्या पिकअपवरून. अभिमान वाटला. मग कळलं की ट्रक टेकवायचा तर ॲक्सल वर सरकतो आणि चासिसला आपटतो, म्हणून चासिसला खालून अर्धचंद्रासारखी खाच पाडायची आणि तिथे जाड प्लेट बसवायची. म्हणजे कणा कापायचा. मी चार वेळा मोजलं, पाचव्या वेळी वेगळं आलं, म्हणून परत चार वेळा मोजलं.

पण त्याआधी हौदा उतरवायला हवा होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "शनिवारी सकाळी अर्धा तास मदत हवी, कांदेपोहे आहेत." बारा जण आले. त्यातले पाच जण हौद्याला हात लावायला, सात जण सल्ला द्यायला. एकाने आधी रिस्क ॲनालिसिस करू म्हटलं. एकाचे खरोखरचे काका सातारला गॅरेजवाले होते, त्यामुळे तो काही न करता नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळे त्याचं ऐकायला लागले. "एक, दोन, तीन, बाप्पा मोरया" करून उचलला आणि चार पावलांवर लक्षात आलं की ठेवायचा कुठे हे कुणीच ठरवलं नव्हतं. शेवटी आजोबा उठले, हिरवळीकडे बोट दाखवलं. तो हौदा पुढे दोन महिने हिरवळीवर होता, त्याखालचं गवत अजून पिवळं आहे, आणि अर्धा तास दुपारी तीनला संपला. पोह्याला चार किलो पोहे लागले.

खाच पडली. ग्राइंडरच्या ठिणग्या उडताना डोळे मिटून घेतले, जे करायचं नसतं.

त्यानंतर पानार्ड बार, म्हणजे ॲक्सल वर-खाली होताना डाव्या-उजव्या बाजूला पळू नये म्हणून आडवा दांडा, ते बसलं. शॉकअप नव्या जागी गेले, कारण जुन्या जागेवर आता भाता होता. भाता कुठेही घासायला नको, घासला की फुटला, त्यामुळे रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली झोपायचो. मुलगा वरून विचारायचा, "बाबा, आर यू ओके ऑर आर यू जस्ट लाइंग देअर?" दोन्ही.

मग आली नळी, आणि इथून माझी खरी साडेसाती सुरू झाली.

आपल्याकडे प्लंबर पांढरी टेप गुंडाळल्याशिवाय घरातून जात नाही, आणि जुना असेल तर सुतळी आणि सफेदा. मीही ऐटीत टेपचं रीळ काढलं. "नोप." टेपचे धागे सुटतात, व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही, इथे आट्यांना लावायचं ते पातळ सीलंट. ठीक. नळी कापायला हाताशी काही नव्हतं म्हणून स्वयंपाकघरातली कात्री आणली, कोथिंबिरीची. आजोबा त्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते, नाहीतर नोप आलं असतं. नळी फिटिंगमध्ये नुसती ढकलायची, आत एक दातेरी कडी असते ती नळी धरून ठेवते आणि एक रबरी रिंग असते ती हवा अडवते, इतकं सोपं. फक्त नळीचं तोंड काटकोनात कापलेलं हवं. कात्रीने कापलं की तोंड तिरकं आणि दबलेलं, रिंग एका बाजूने हवा अडवते, दुसऱ्या बाजूने हवा सावकाश घरी जाते.

जुलैत ट्रक पहिल्यांदा स्वतःच्या हवेवर उभा राहिला. मी बटण दाबलं, पुढचं तोंड वर आलं, मागचं वर आलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, बायकोने ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर डावा मागचा कोपरा खाली, ट्रक एका कुशीवर झोपलेला, पान खाऊन लवंडलेल्या मामांसारखा. परत हवा भरली. परत सकाळी कुशीवर. असं चार दिवस झाल्यावर आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं, की तुमच्या ड्राइव्हवेवर नादुरुस्त वाहन दिसतंय, दहा दिवसांत हलवा. मी उत्तर लिहिलं की वाहन नादुरुस्त नाही, ते विश्रांती घेतंय. बायकोने ते पाठवू दिलं नाही.

मग आजोबांनी कटर दिला, आठही टोकं परत कापली, फवाऱ्यात भांड्याचा साबण घालून प्रत्येक जोडावर मारला, एकही फुगा नाही. ट्रक रात्रभर उभा राहिला. मी पण राहिलो, खिडकीत.

आणि रात्री अडीच वाजता गॅरेजमधून घर्रर्रर्र. घर हादरलं. बायको उठून बसली, म्हणाली चोर. चोर गॅरेजमध्ये चक्की कशाला चालवेल, पण अडीच वाजता सुचत नाही. मी हातात क्रिकेटची बॅट घेऊन दार उघडलं तर कॉम्प्रेसर एकटाच इमाने इतबारे टाकी भरतोय. त्याचं असं असतं, टाकीतला दाब ११० पीएसआयच्या खाली गेला की तो आपोआप सुरू होतो आणि १४५ ला बंद होतो. आणि त्याच्या रिलेची, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचची, वायर चावीवरून घ्यायची असते, म्हणजे गाडी बंद तर हाही बंद. मी ती थेट बॅटरीवरून घेतली होती कारण ती जवळ होती. पहाटे पाचला परत घर्रर्र, आणि सकाळी बॅटरी झोपलेली.

वायर त्याच दिवशी बदलली. पण टाकी गळते कुठे ते सापडेना. साबण मारला, परत मारला, कान लावला, मुलाचा तरणा कान लावला. शेवटी मी गॅरेजच्या फरशीवर बसलो, बाहेर १०४ डिग्री, फॅरेनहाइट असलं तरी घामाला ते कळत नाही, आणि मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा पंक्चरवाला आठवला. हवा भरून झाली की तो बोट जिभेला लावायचा आणि ते व्हॉल्व्हवर ठेवायचा, थुंकीचा फुगा आला तर परत पिन फिरवायचा. त्याच्याकडे फवारा नव्हता. मी इकडे तिकडे बघितलं, कुणी नाही, बोट ओलं केलं आणि टाकीच्या एकेका तोंडाला लावत गेलो. टाकीच्या बुडाला पाणी काढायचा छोटा कॉक असतो, हवेतली वाफ आत थंड होऊन पाणी साठतं म्हणून. तो मी बसवलाच नव्हता, टाकीबरोबर बसूनच आलेला, म्हणून तपासलाही नव्हता. बोट लावलं. मोहरीएवढा फुगा आला, थरथरला, फुटला, परत आला. टेस्टिंगमध्ये अठरा वर्षं झाली मला. दुसऱ्याने केलेलं काम तेवढं तपासायचं राहिलं होतं.

मागे खुर्ची करकरली. आजोबा कधी येऊन बसले होते कुणास ठाऊक. माझ्या बोटाकडे बघत होते. पहिल्यांदाच म्हणाले, "येप."

अलाइनमेंटवाल्याने विचारलं कुठल्या उंचीवर सेट करू, म्हणजे ट्रक वर असताना चाकांचा कोन वेगळा, खाली असताना वेगळा, तुम्ही रस्त्यावर कसा चालवणार ते ठरवून या. मी ठरवून गेलो नव्हतो. ते एक असो.

सप्टेंबरात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, दर वर्षीचा ट्रेलर या वर्षी नाही, मिरवणुकीला तुझा ट्रक दे. तीन फुटी मूर्ती, चौरंग, झेंडूच्या माळा, शाळेच्या पार्किंगमध्ये पाचेकशे माणसं. चढवताना मी ट्रक पूर्ण खाली बसवला, हौदा इतका खाली आला की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंनी जमिनीवर उभं राहून बाप्पाला दूर्वा वाहिल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा उपयोग दिसला होता, पण ती बोलली काही नाही, मीही नाही. मग ट्रक वर घेतला आणि आरती सुरू झाली.

ड्रायव्हरच्या सीटवर चार पोरं बसली होती हे मला माहीत नव्हतं. कंट्रोल बॉक्सला सात बटणं असतात, चार चार कोपऱ्यांची, एक पुढचं, एक मागचं आणि एक सगळ्यांचं. शेवटच्या आरतीनंतर सगळ्यांनी जिथल्या तिथे गिरक्या घेत लोटांगणाचं कडवं धरलं, टाळ टिपेला गेले, आणि आतल्या कुठल्यातरी बोटाने सातवं बटण दाबलं.

फुस्सSSS.

पुढचं तोंड आधी वाकलं, इंजिनाचं वजन तिकडे म्हणून, मग मागचं, आणि अख्खा ट्रक पाचशे माणसांसमोर सावकाश, भक्तिभावाने जमिनीला टेकला. दोघांनी मूर्तीला हात लावला. एक क्षण शांतता, आणि मग जी टाळी पडली तशी माझ्या कुठल्याच प्रेझेंटेशनला पडलेली नाही. अध्यक्ष माइकवर म्हणाले की हे आपलं या वर्षीचं खास आकर्षण. काकूंनी ट्रकलाही हळद-कुंकू लावलं. आजोबा मोदक हातात धरून उभे होते, त्यांना वाटलं आरती अशीच असते.

मी धावत जाऊन पोरांना उतरवलं आणि वर घ्यायचं बटण दाबलं. चारही भाते रिकामे, टाकी एका दमात ११० च्या खाली, आणि नेमकी मंत्रपुष्पांजली सुरू होताना कॉम्प्रेसर लागला, घर्रर्रर्र. पूर्ण होईस्तोवर चालला. कुणालाच काही ऐकू आलं नाही, पण नाहीतरी दुसऱ्या ओळीनंतर सगळे नुसते ओठच हलवतात.