तिसऱ्या बादलीचं गणित

गिझर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "घरात माणसं किती?" हा प्रश्न रेशनकार्डाला ठीक, गिझरला नाही. विचारायचं ते हे: लागोपाठ आंघोळी किती, बादलीने की शॉवरने, आणि टाकी कुठल्या गावच्या गच्चीवर?

पुण्यातली जानेवारीची पहाट घ्या. नळाला १५ अंशांचं पाणी, गिझर ६० वर, अंगावर हवं ४०. वीस लिटरच्या बादलीत ११ लिटर कढत आणि ९ लिटर गार. म्हणजे १५ लिटरच्या गिझरातून आंघोळीचं पाणी निघतं २७ लिटर. सव्वा बादली आणि वर थोडी आशा. मुंबईत नळालाच २५ अंश असतील तर तोच गिझर ३५ लिटर देतो. मुंबईकर मेहुण्याचा सल्ला पुण्यात गार पडतो तो असा.

हेही कागदावरचं. गिझर म्हणजे विजेवरचा बंबच. बंबातून बादलीभर काढायचं तर वरून बादलीभर ओतावं लागे, आणि न ओतता सटकणाऱ्याचा घरभर उद्धार होई. गिझर ते ओतणं गुपचूप करतो: खालून गार शिरतं, तेव्हाच वरून गरम बाहेर पडतं. शेवटचे दोन-तीन लिटर त्यामुळे कोमटच. २ किलोवॉटच्या कॉइलला टाकी पुन्हा तापवायला २३-२४ मिनिटं लागतात. बाहेरून दार बडवून त्यातलं एकही कमी होत नाही.

"मग इन्स्टंट घेऊ!" ३ किलोवॉटचा इन्स्टंट याच पाण्यावर मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर देतो. बादलीला साडेअकरा मिनिटं! शॉवर मागतो मिनिटाला आठ लिटर. भांड्यांना मात्र उत्तम.

मला विचाराल तर लागोपाठ दोन बादल्यांना २५ लिटर. फक्त भरल्यावर पाण्याचंच वजन २५ किलो, तेव्हा चार इंची भिंतीत लाकडी गुट्टी ठोकून भागत नाही. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र वायर हवी. मोबाइलच्या पॉइंटला कन्व्हर्टर लावून चालवला की आधी प्लग तपकिरी होतो, मग वास येतो.

बोअरचं पाणी असेल तर कॉइल क्षाराची गोधडी पांघरते, आतल्या आत तापून जळते. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉडही असतो. सर्व्हिसवाल्याला तो बाहेर काढून दाखवायला सांगा. हातात नुसती तार आली, तर टाकी गंजायला लागली असं समजा.