पाणी दारात आलं तेव्हा सांगायला कोण होतं?

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवारची संध्याकाळ. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, माझ्या स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते. फोनवर काकूंचं नाव दिसलं आणि पिठाच्या हातानेच उचलला. नागपुरात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, आणि आमच्या घरात पहाटेचा फोन कधी चांगल्या बातमीचा नसतो.

"अगं, पाणी शिरलं ना घरात! लाइट गेली. मी आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून माळ्यावर ठेवले. तुझे काका टेबलावर बसून आहेत, त्यांना कुठं चढता येते आता?"

आदल्याच दिवशी पूजा झाली होती. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर टांगलेला फुलोरा. शनिवारी विसर्जन. काका-काकूंचं घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर. काकूंचा पुढचा प्रश्न मला अजून तसाच ऐकू येतो: "शेजारचा पोरगा म्हणते अंबाझरी फुटला. खरं आहे का गं? तू नेटवर पाहून सांग ना."

तलावापासून पायी दहा मिनिटांवर राहणारी बाई, शहरात दूरदर्शनचं केंद्र असताना, हे अमेरिकेतल्या पुतणीला विचारत होती.

मी पाहिलं. एका मराठी वाहिनीवर आदल्या रात्रीच्या चर्चेचं पुनःप्रसारण चालू होतं. दुसरीवर जाहिराती. घरच्या ग्रुपवर तीन व्हिडिओ आले होते, त्यातला एक तर दुकानांच्या पाट्यांवरूनच भलत्या राज्यातला दिसत होता. "थांबा काकू, पाहते," एवढंच बोलले आणि त्यांच्या फोनची बॅटरी संपली. पुढचे पाच तास मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही. सकाळी बोट आली, जवानांनी दोघांना बाहेर काढलं, तेव्हा कुणा दुसऱ्याच्या फोनवरून काकांनी "आहोत आम्ही" एवढं सांगितलं.

तलाव फुटला नव्हता. चारेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीने काठच्या वस्त्या पोटात घेतल्या. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डी. मोर भवनच्या बसस्थानकात उभ्या बस बुडाल्या. फुटणं आणि ओसंडणं यातला फरक तेव्हा फार मोठा होता. तलाव फुटला असता तर सगळं सोडून, काकांना खांद्यावर घालून उंचावर पळणं भाग होतं. ओसंडला असेल तर गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन पाऊस थांबायची वाट पाहायची. "तलाव फुटलेला नाही, वर जा, रस्त्यावर उतरू नका" हे एक वाक्य ओळखीच्या आवाजात त्या पहाटे मिळालं असतं, तर काकू दोन तास उंबरठ्यावर उभ्या राहिल्या नसत्या.

जवळजवळ एक वर्षाने माझ्या दुसऱ्या घराच्या राज्यावर तशीच वेळ आली. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलेन चक्रीवादळाचा पाऊस आमच्या राज्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या अ‍ॅशव्हिल भागावर पडला. फ्रेंच ब्रॉड आणि स्वानानोआ या नद्यांनी वस्त्या धुऊन नेल्या. वीज गेली, फोन गेले, इंटरनेट गेलं, नळ कोरडे पडले. अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्यालायक पाणी यायला ५३ दिवस लागले. आमच्या मराठी मंडळातलं एक कुटुंब तिथे अडकलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन लागला तेव्हा मी घाबरत विचारलं, "काय चाललंय, काही कळतंय का तुम्हाला?" त्या घरातली बाई म्हणाली, "सगळं कळतंय. गाडीत बसून रेडिओ ऐकतोय."

त्यांच्या दारात गाडी होती आणि गाडीत रेडिओ. ब्ल्यू रिज पब्लिक रेडिओ हे तिथलं छोटं सार्वजनिक केंद्र बोलत राहिलं. जिल्हा प्रशासनाची माहिती रोज थेट सांगायचं: पाणी कुठे वाटणार, भांडी काय आणायची, कोणता पूल गेला, औषधं कुठे मिळतील. तिने ते सगळं वीजबिलाच्या पाकिटामागे लिहून ठेवलं होतं. नंतर तिने ते पाकीट मला दाखवलं. एका बाजूला पाण्याची ठिकाणं, दुसऱ्या बाजूला शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या इन्सुलिनचं दुकान.

कॅरीत बसून मी त्या दिवसांत राज्याची सार्वजनिक दूरचित्रवाणी, पीबीएस नॉर्थ कॅरोलायना, लावून ठेवली होती. तिचा परवाना राज्याच्या विद्यापीठाकडे आहे आणि मनोरे राज्यभर पसरलेत. अधिकारी बोलत होते आणि त्यांच्या शेजारी सांकेतिक भाषेत सांगणारी बाई उभी होती. तिचे हात पाहताना मला नागपूर आठवलं. २०२३ च्या त्या पहाटे मूक-बधिर मुलांच्या शाळेतूनही मुलांना पाण्यातून काढावं लागलं होतं. त्या मुलांना त्या रात्री काय चाललंय हे कुणी, कसं सांगितलं असेल?

आणखी एक गोष्ट मला इथे आल्यावर फार उशिरा कळली. संकटात फोन कर्कश वाजून जो इशारा येतो, तो सरकारकडून मोबाइल कंपन्यांकडे जातो. तो मार्ग तुटला तर पर्यायी मार्ग सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या उपग्रह आणि मनोऱ्यांतून ठेवलेला आहे. म्हणजे टीव्ही न पाहणाऱ्याच्या खिशातला इशारासुद्धा त्या मनोऱ्यावर अवलंबून असू शकतो. आपल्याकडे २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लोकांचे फोन असेच वाजवून चाचण्या झाल्या होत्या. काकांना ते वर्तमानपत्रात वाचल्याचं आठवतं. त्या रात्री त्यांच्या फोनवर काही वाजलं नाही.

गेल्या डिसेंबरात नागपूरला गेले तेव्हा जेवताना हा विषय निघाला आणि दादाशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. "दूरदर्शन आता पाहते कोण? सेमिनरी हिल्सवर ते केंद्र कशाला ठेवलं आहे? विकून टाका जागा. मोबाइल आहे ना सगळ्यांजवळ." वहिनीही त्याच्या बाजूने. दादा इंजिनिअर माणूस आहे, आकडे बोलतो. पण त्या पहाटे मोबाइल काकूंजवळही होता.

त्याचं दुसरं म्हणणं जास्त जड होतं. "सरकारी वाहिनी सरकारचंच सांगणार. सांडव्यापुढे काय बांधलं, नदी कुणी अरुंद केली, हे विचारेल का ती? त्यासाठी लोकांना हायकोर्टात जावं लागलं." हे खरं आहे आणि मी ते मान्य करते. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, महामंडळ प्रत्यक्षात आलं १९९७ ला, आणि तरी नागपूरच्या माणसाच्या मनात दूरदर्शन म्हणजे सरकारच. अमेरिकेतलंही सगळं गोड सांगणार नाही. इथे १९६७ च्या कायद्याने सरकार आणि केंद्रं यांच्या मधे एक स्वतंत्र संस्था बसवली होती, कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग. तिचा बहुतेक पैसा स्थानिक केंद्रांकडे जायचा. माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आसपास खर्च. तरी जुलै २०२५ मध्ये इथल्या संसदेने, काँग्रेसने, दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशी त्या संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ही केंद्रं एकांगी बोलतात, असा या खर्चाच्या विरोधकांचा आरोप होता. ज्या डोंगरात वर्षभरापूर्वी त्या रेडिओने लोकांना पाणी दाखवलं, तिथल्या केंद्रालाही त्याचा फटका बसला. तेव्हापासून मी दर महिन्याला वर्गणी देते. वर्गणीवर मोठ्या शहरातलं केंद्र तगेल. डोंगरातल्या, गरीब जिल्ह्यातल्या केंद्राचं काय, याची मला काळजी आहे.

म्हणून दादाला मी एवढंच म्हटलं: दोषी कोण हे लोकमत, हितवाद विचारतील, कोर्ट विचारेल, आणि विचारायलाच हवं. पण पहाटे साडेचारला कोणता रस्ता बंद आहे हे सांगायला जागेवर माणसं, स्टुडिओ आणि मनोरा लागतो. ते नागपुरात आजही आहे. मुंबईच्या वाहिनीची व्हॅन येते ती हिवाळी अधिवेशनाला. १९५३ च्या नागपूर कराराने आम्हाला वर्षातून ते एक अधिवेशन मिळालं, व्हॅनही तेवढ्याच दिवसांच्या पाहुण्या.

आमच्या लहानपणी गच्चीवरचा अँटेना सेमिनरी हिल्सकडे वळवायची जबाबदारी दादाचीच होती. "आता दिसतंय का?" तो वरून ओरडायचा आणि मी खालून. ते मनोऱ्यावरून घरोघर येणारं जुनं प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ बंद झालं. आता फ्री डिशवर महिन्याचा पैसा न भरता सह्याद्री दिसते, झोपडपट्टीतही आणि गडचिरोलीतही. पण सह्याद्री मुंबईची. मुंबईत पाणी तुंबलं की कोणती लोकल थांबली हे भंडाऱ्यातल्या शेतकऱ्यालाही कळतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेने त्याच भंडाऱ्याला वेढलं, तेव्हा मुंबईतल्या किती जणांना कळलं असेल?

दूरदर्शनला हे जमत नाही, असं मी मुळीच मानत नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाच्या वाहिनीने इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी धडे सुरू केले. त्याच वर्षी जुलैत सह्याद्रीने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका आणली. काकूंकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हा चौथीत होती. घरात एक फोन, तो बाप कामावर घेऊन जायचा. तिने काकूंच्या सोफ्यावर बसून ती मालिका पाहिली, वहीत चित्रं काढली. दोन्ही देशांनी एकाच वर्षी एकच काम केलं, आणि आपलं कुठेही कमी नव्हतं.

आकाशवाणी नागपूर तर १९४८ पासून आहे. १९८८ ला राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचं १००० किलोवॉटचं प्रक्षेपण नागपुरातून व्हायचं, कारण देशाच्या मधोमध बसून चहूकडे पोचता येतं. एकेकाळी साऱ्या देशाला रात्रभर ऐकवणारं हे शहर. त्याला स्वतःच्या नाल्याची बातमी पहाटे मिळू नये, हे मला फार लागतं.

पूर ओसरल्यावरचे दिवस तर कुणी मोजतच नाही. घरटी १० हजारांची मदत जाहीर झाली, दुकानांना ५० हजारांपर्यंत. मग पंचनामा कोण करणार, चिखलातला फ्रिज फेकायचा की पंचनाम्यापर्यंत दारात ठेवायचा, भाडेकरूला मिळणार की घरमालकाला, पासबुकच भिजून गेलंय त्याने काय करायचं? मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता, त्यामुळे दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता. काकूंनी फ्रिज अकरा दिवस अंगणात ठेवला. वास येत होता, शेजारी बोलत होते, पण टाकला आणि मग कुणी विचारलं तर? रोज संध्याकाळी अर्धा तास एखाद्या तहसीलदाराला स्टुडिओत बसवून फोनवरचे प्रश्न घेतले असते, तर अख्ख्या लेआउटचं काम झालं असतं. शेतकऱ्यांसाठी हीच पद्धत दूरदर्शनने वर्षानुवर्षं चालवली आहे. सोयाबीनवरच्या अळीला उत्तर देता येतं, तर चिखलातल्या फ्रिजलाही देता येईल.

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महाल भागात जो हिंसाचार झाला ते संकट वेगळं होतं, पण गरज तीच. अफवा फोनवरून धावत होत्या आणि संचारबंदी कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे, कुठे उठली, हे मावशी मला विचारत होती. पुन्हा मलाच.

माझं मागणं फार नाही. संकट आलं की दूरदर्शनच्या नागपूर केंद्राने मुंबईची परवानगी न घेता विदर्भापुरता कार्यक्रम मधेच थांबवावा, किमान खाली पट्टी फिरवावी. हा अधिकार केंद्रात रात्रपाळीला असलेल्या माणसाच्या हातात हवा. तीच माहिती त्याच क्षणी आकाशवाणीवर, वऱ्हाडीत बोलू शकणाऱ्या निवेदकाकडून. सांकेतिक भाषा जाणणारं एक माणूस बोलावण्याच्या अंतरावर. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, महापालिका, हवामान केंद्र, वीज कंपनी आणि हे केंद्र यांनी एकत्र रंगीत तालीम करावी. याला नवी इमारत लागत नाही. दादाने यावर मान हलवली, पटलं असं म्हणाला नाही.

लाइट गेल्यावर टीव्ही कसा दिसणार, हा वहिनीचा प्रश्न मात्र बिनतोड होता. म्हणून येताना मी काकांना सेलवर चालणारा रेडिओ घेऊन दिला. आता काकू महालक्ष्म्या वरच्या मजल्यावर, भाडेकरूंच्या खोलीत बसवतात. रेडिओ त्याच माळ्यावर ठेवलाय, मुखवट्यांच्या पेटीशेजारी. पावसाने जोर धरला की काका तो खाली मागवून घेतात आणि आकाशवाणी नागपूर लावून बसतात. गाणी चालू असतात. काका आवाज कमी करत नाहीत, मधेच कुणी काही सांगेल म्हणून.