फोंताइन्हास म्हणजे तुमचा स्टुडिओ नाही

"आंटी, ते टॉवेल जरा आत घ्या ना, फ्रेममध्ये येतायत."

काल सकाळी पणजीत, फोंताइन्हास या जुन्या रंगीत घरांच्या वाड्यातल्या एका गल्लीत हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. चांगल्या खणखणीत मराठीत. अजून डोकं तापलेलंच आहे. घर त्या बाईंचं, बाल्कांव म्हणजे दारापुढचा ओटा त्यांचा, दोरी त्यांची, टॉवेल त्यांचे. आणि सांगणारा कोण, तर कुणाच्या तरी प्री-वेडिंगच्या फोटोग्राफरचा असिस्टंट, वय फार तर बावीस-तेवीस.

बाई सत्तरीच्या पुढच्या. पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "हें म्हजें घर," एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. त्यावर हा काय म्हणतो? "दोनच मिनिटं, आंटी." आणि त्याने स्वतःच दोरीला हात घातला! बाईंनी उठून टॉवेल गोळा केले, खुर्ची आत नेली आणि दार लावून घेतलं. आता त्या पायरीवर नवरी बसली, तिच्या गाऊनचा घोळ अख्ख्या गल्लीभर. शेजारी भाड्याची जुनी स्कूटर आणून निळ्या भिंतीला टेकवली. टेकवली कसली, आदळली. हँडलने चुन्याचा हातभर पोपडा उडाला, आतला तांबडा जांभा दिसायला लागला. त्या टोळीतल्या एकानेही मान वळवून बघितलं नाही. वर गुलाबी धुराचे डबे फोडले. तो रंग सकाळी सात वाजता लोकांच्या उघड्या खिडक्यांतून आत चाललेला. मी तोंड उघडलं तर मला म्हणतात, "काका, तुम्ही पण जरा मागे व्हा, बॅकग्राउंडला दिसताय."

त्यांची ती दोन मिनिटं पाऊण तास चालली.

मी तिथे उभा होतो तो त्या घराची खिडकी बघायला. शिंपल्यांची खिडकी. काचेच्या जागी घासून पातळ केलेले शिंपले, लाकडी पट्ट्यांत ओळीने बसवलेले. ऊन त्यातून आत येतं ते दुधाळ होऊन येतं. बाहेरून आतलं काही दिसत नाही, आतल्याला उजेड मात्र मिळतो. अशी एक खिडकी मोडली की तिच्या जागी सरकती अॅल्युमिनियमची बसते, म्हणून जी शिल्लक आहे ती डोळे भरून बघून घ्यावी म्हणून माणूस इतक्या लांब जातो. आणि त्या खिडकीच्या चौकटीला यांनी रिफ्लेक्टर अडकवला होता. क्लिप लावून! शंभर-सव्वाशे वर्षांच्या लाकडाला क्लिप!

या लोकांना घर दिसतच नाही हो. रंग दिसतो. पिवळी भिंत, निळी भिंत, लाल भिंत. पांढरा रंग चर्च-चॅपेलसाठी राखलेला, बाकीच्यांनी पावसाळा सरला की आपापली घरं दुसऱ्या रंगात रंगवून घ्यायची, हा पोर्तुगीज अमदानीतला शिरस्ता. गोव्याच्या पावसात चुन्याचा रंग टिकतो किती? म्हणून वर्षाला रंगकाम. तो खर्च आजही घरमालकच करतो आणि त्या भिंतीवर बुटाचा तळवा टेकवून, गुडघा दुमडून फोटो काढतो कोण, तर तुम्ही. काल बघितलं मी, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर बुटांच्या ठशांची अख्खी रांग आहे भिंतीवर.

आणि ते "अगदी पोर्तुगालला आल्यासारखं वाटतं" म्हणणारे! पोर्तुगाल नाही हे. जांभा इथला, माड इथले, गवंडी आणि सुतार इथले. अठराव्या शतकाच्या शेवटाला मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराने आल्तिनोच्या टेकडीखाली माडांची बाग केली, तिथून ही वस्ती सुरू झाली. पुढे 1843 मध्ये पणजी राजधानी झाली आणि घरं दाटत गेली. मागे मळा नावाच्या भागात चला, तिथे तो झरा आहे ज्याच्यावरून या वाड्याला नाव पडलं. वर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ आहे. झऱ्यापाशी काल एक माणूस नव्हता. रीलमध्ये नाही ना तो झरा, मग कशाला जाईल कोण?

सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलचीही तीच गत. बाहेर उड्या मारायला ही गर्दी, आत कुणी नाही. आत जो क्रूस आहे तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाच्या, महालातला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. 1560 ते 1812, मधली चारेक वर्षं सोडली तर, गोव्याने ज्या महालाच्या धास्तीत काढली, तिथून आलेली वस्तू आहे ती. दाराबाहेर ड्रोनची घरघर चाललेली असताना ती बघायची. कशी बघायची, सांगा.

गाइडवरचा राग वेगळाच. माझ्या शेजारून एक घोळका गेला आणि त्यांचा गाइड ठासून सांगत होता की इथल्या '31 जानेवारी' रस्त्याच्या नावातला दिवस म्हणजे पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला तो दिवस. अरे, पोर्तुगालने स्पेनचं जोखड झुगारलं ते 1 डिसेंबर 1640 ला! 31 जानेवारी हा 1891 चा, पोर्तुगालच्या पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी राजेशाहीविरुद्ध उठाव केला तो दिवस. पैसे घेऊन सांगता ना लोकांना? मग एकदा तपासायला काय होतं? पंधरा जण माना डोलावत होते. तेच आता घरी जाऊन चार जणांना सांगणार.

गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. हातगाडी जाईल एवढ्या गल्लीत सात सीटर घालतात आणि समोरून दुसरी आली की हॉर्न. त्यात निम्म्या गाड्या एमएच. हे जास्त लागतं. आपल्या गिरगावातल्या खोताच्या वाडीतही नेमकं हेच चालतं, लाकडी जिना दिसला की चढ वर, कुणाचं घर आहे याची चौकशी नाही. गडावर जाऊन दगडात बदाम कोरणारी जमातही हीच. घरी कुणी आपल्या ओट्यावर असं येऊन बसलं तर हे पोलिसांना फोन करतील.

याचा परिणाम काय झालाय तो बघा. दारोदार पाट्या लागल्यात, फोटो काढू नका, पायरीवर बसू नका, हे राहतं घर आहे. काल दुपारी मी एका घराच्या छपराच्या पागोळीखालची लाकडी नक्षी बघत समोरच्या बाजूला उभा होतो. हातात मोबाइलसुद्धा नव्हता. आतून एक गृहस्थ ओरडले, "नो फोटो! चलो, चलो!" आणि खिडकी बंद. त्यांच्यावर कसा रागावू? दिवसभर शंभर जणांनी तुमच्या दाराशी तोंडं वेडीवाकडी केली तर एकशे एकावा बघायला आलाय की नाचायला, हे ओळखत बसाल का तुम्ही? पूर्वी याच गल्ल्यांत लोक विचारायचे, कुठून आलात, आत येऊन बघा. एका आजोबांनी मला आतली फरशी, मधला चौक, वरच्या मजल्याची लाकडी जमीन सगळं हिंडून दाखवलं होतं. आता कुणी कशाला दार उघडेल?

धंद्याचं शूटिंग असेल तर परवाना घ्या, ज्याचं घर त्याला आधी विचारा, त्याला पैसे द्या आणि भिंतीचा पोपडा उडवलात तर तो भरून द्या. राहत्या गल्लीत धूर, ड्रोन आणि स्पीकर सरसकट बंद झाले पाहिजेत. गाड्या खाडीच्या पलीकडे पाटोला लावा आणि चालत या, दहा मिनिटं लागतात. आणि नगरातल्या ज्या कुणाच्या हातात हे नियम करणं आहे, त्यांनी एका रविवारी सकाळी सातला त्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं.

आणि ज्यांचं ते प्री-वेडिंग होतं त्यांना एकच विचारायचंय. अल्बम छापून येईल, सासरी-माहेरी सगळे बघतील. त्यातलं ते निळं घर कुणाचं, म्हणून कुणी विचारलं तर काय सांगणार आहात?