खुलासा : चौकटीचं शहर हिप्पोडेमसच्या आधीचं

‘काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचं शहर जगात सर्वप्रथम ग्रीक नगररचनाकार हिप्पोडेमसने आखलं’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. हिप्पोडेमस इ.स.पूर्व ५व्या शतकातला. त्याच्या सुमारे २००० वर्षं आधी मोहेंजोदडोत सरळ रस्ते होते, कडेने विटांची झाकलेली गटारं होती आणि घरातल्या न्हाणीघराचं पाणी त्यांत सोडलेलं होतं. (सगळेच रस्ते काटेकोर काटकोनात नव्हते, हेही खरं.) इजिप्तमध्ये काहून नावाच्या गावी इ.स.पूर्व १९००च्या आसपास कामगारांची घरं ओळीने बांधली गेली. अधिकाऱ्यांचे वाडे आणि ही वस्ती यांच्यामध्ये चक्क भिंत!

मग श्रेय हिप्पोडेमसला का? शहरांच्या विभागणीची कल्पना त्याची आणि पिरियस बंदराची आखणीही त्याचीच, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय म्हणून. लांब केस आणि भर उन्हाळ्यातही गरम कपडे, हे त्याचं वर्णनही तिथलंच. पण त्याच्या नावावर खरं जमा करावं ते वेगळंच : १०,००० नागरिकांच्या शहराची कल्पना आणि त्यात जमिनीचे तीन भाग, देवाची, सार्वजनिक आणि खासगी. रस्त्यांच्या रेघा त्याआधीच मारून झाल्या होत्या.